हवा रोज मोजा, आकडा चौकात लावा

संपादक साहेब, नमस्कार.

आपलं कोल्हापूर केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे इथली हवा ठरलेल्या मर्यादेत बसत नाही हे सरकारनंच मान्य केलंय. मर्यादा काय तर पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि पीएम १०, म्हणजे त्याहून जाड कणही धरले, तर १००. पण हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांवर मोजणी नियमाप्रमाणे आठवड्यातून फक्त दोनदा होते, वर्षाला १०४ दिवस, मग बाकीच्या दिवशी लोकांनी काय श्वास घेतला त्याची नोंद कुठाय?

गळीत हंगामात शेतात पाचट पेटतं, काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडते, त्यात खड्ड्यांची धूळ आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या. हे सूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर जातात आणि रक्तातही उतरतात, दम्याच्या पोरांना आणि हार्ट पेशंटना याचा त्रास सगळ्यात जास्त. मास्क लावा म्हणून सांगणं मला अजिबात पटत नाही, चार वर्षांचं पोर दिवसभर मास्क लावून बसणारे का?

१९८१ च्या हवा कायद्याने प्रदूषण मंडळाला अधिकार दिलेत. त्यांनी एमआयडीसीच्या जवळ आणि शाळांजवळ चोवीस तास चालणारी मशिनं वाढवावीत, आणि आकडा नुसता वेबसाइटवर न ठेवता बिंदू चौकात, एसटी स्टँडवर मराठीत मोठ्या बोर्डावर दाखवावा. हंगाम सुरू व्हायच्या आधी एवढं कराच.

- एक पालक, कोल्हापूर