हसऱ्या चेहऱ्यांचा रकाना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःविषयी भरायचा रकाना आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचं स्वयंमूल्यमापन असावं, असं म्हटलं आहे. कल्पना चांगलीच. पण आमच्या भागातल्या ओळखीच्या घरांत बघते, तर तो रकाना सत्र संपताना आई भरते, नाहीतर मूल सगळे हसरे चेहरे रंगवून मोकळं होतं. बाई बघणार, बाबाही बघणार, मग रडका चेहरा कोण रंगवेल?

जिल्हा परिषद शाळेत शिकवताना पाहिलंय, ५०३ वजा १७८ या उदाहरणात तिसरीतली बरीच मुलं ४७५ लिहितात. वरचा-खालचा न बघता मोठ्या अंकातून लहान काढत जातात. लाल फुली मारली की मूल खोडतं आणि शेजारच्याचं बघतं. त्याऐवजी ‘उत्तरात १७८ मिळवून बघ’ एवढंच म्हणावं. ६५३ आले की ते चक्रावतं आणि आपण होऊन पुन्हा वर जातं. शून्यापाशी अडलो, हे त्याला स्वतःला सापडतं. हे सापडणं कुठल्याच रकान्यात मावत नाही.

लेखनात असा ताळा नसतो. तिथे गावच्या यात्रेवरचे दोन परिच्छेद फळ्यावर लिहावेत. एक नुसता ‘खूप मजा आली’चा, दुसरा गुलाल, पाळणे, रेवड्या दिसणारा. कोणता आवडला आणि का, हे मुलं नेमकं सांगतात. त्यांच्याच शब्दांतल्या त्या दोन-तीन कसोट्या लावून मग आपापली वही बघू द्यावी. पहिलीतल्याला तोंडी विचारलं तरी पुरे.

मात्र याला गुण किंवा श्रेणी लावू नये. लावली की पुन्हा हसरे चेहरेच.

२०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर मुलाच्या नोंदी ठेवत करायचं मूल्यमापन, आलं, तेव्हाही हेतू चांगला होता. बऱ्याच ठिकाणी हाती उरल्या त्या ‘वाचनाची आवड आहे’ छापाच्या, एकमेकींवरून उतरवलेल्या नोंदी. (मास्तरांना तरी किती कागद?) याच सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघायला एके काळी राज्यभरातून शिक्षक येत. फरशीवर आखलेल्या तक्त्यांभोवती मुलं एकमेकांच्या मदतीने शिकत. तेव्हा मुलांनी आपलं आपण शिकणं जिल्ह्याला नवं नाही.

आसपासच्या शाळांच्या केंद्राची जी शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तिच्यात हा रकाना कसा भरायचा, यावर वेळ घालवण्यापेक्षा शिक्षकांनी मुलांच्या चार-चार वह्या आणाव्यात आणि कुठल्या चुका मुलांनी स्वतः पकडल्या, त्यावर बोलावं.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
कोरेगाव, जि. सातारा