सूचना: पुढचं पुस्तक जाडजूड आहे, आजच सुरू करा

मंडळी, यावेळी सुझॅना क्लार्क यांची 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' घेतोय, २००४ ची कादंबरी, जवळपास ८०० पानांची, त्यामुळे प्लीज शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू नका. गोष्ट सुरू होते १८०६ च्या इंग्लंडमध्ये, जादूवर नुसत्या चर्चा झोडणारे विद्वान ढिगाने पण करून दाखवणारा एकही नाही, आणि मग यॉर्कच्या कॅथेड्रलमधले दगडी पुतळे एकदम बोलायला लागतात! पुढे नेपोलियनच्या लोकांना चकवायला जहाजं उभी करतात ती चक्क पावसाची, तो प्रसंग मी कितीतरी जणांना वाचून दाखवलाय.

सुरुवात संथ वाटेल, तिथे सोडू नका, स्ट्रेंज आला की गाडी पळते. आणि तळटीपा गाळायच्या नाहीत हं, आख्ख्या परीकथा दडल्यात त्यात, मला तर काही वेळा मूळ गोष्टीपेक्षा त्याच जास्त आवडतात. बीबीसीची २०१५ ची मालिकाही छान आहे पण ती नंतर बघा. पुस्तकाचे तीन खंड आहेत, या भेटीला फक्त पहिला वाचून या, ज्यांचं आधीच वाचून झालंय त्यांनी ग्रुपवर पुढचं फोडू नका.