बीकनच्या वह्या लिहिणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी पाठवलं असतं, तर तुम्ही "बरं बरं" म्हणून बाजूला ठेवलं असतं आणि चहाचं विचारलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. इथे न्यू जर्सीत मंडळातले लोक तुम्हाला गणपतीचा हिशेब चोख ठेवणारे काका म्हणून ओळखतात. मॅनहॅटनच्या बीकन थिएटरात ऑलमन ब्रदर्स बँडचा मार्चमधला मुक्काम तुम्ही वर्षानुवर्षं ऐकलात आणि ऐकलेल्या प्रत्येक रात्रीचं टिपण ठेवलंत, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या टिपणांनी मला ऐकायला शिकवलं. त्याबद्दल तुमचे नीट आभार मानायचे राहून गेले होते.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 1969 मध्ये ड्युएन आणि ग्रेग या ऑलमन भावांनी तो उभा केला. दोन गिटार, दोन ड्रमवाले, ऑर्गन, बास, आणि ब्लूजच्या पायावर जॅझसारखा मोकळा विस्तार. 29 ऑक्टोबर 1971 ला ड्युएन मोटारसायकलच्या अपघातात गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. बँड मोडला, जुळला, पुन्हा मोडला. 1989 मध्ये तो नव्याने उभा राहिला आणि त्याच वर्षी बीकनमध्ये पहिल्यांदा वाजला. पुढे मार्च आला की बीकन हा रिवाजच पडला. ब्रॉडवे आणि 74व्या रस्त्यावरचं 1929 सालचं हे थिएटर, साधारण अठ्ठावीसशे खुर्च्या, रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना भल्या उंच ग्रीक देवतांचे पुतळे. तिथे एकेका मोसमात दहा-पंधरा रात्री हा बँड वाजायचा, आणि गाण्यांची यादी रोज वेगळी असायची. त्यामुळे मंगळवारी आलेल्याने ऐकलं काय आणि शुक्रवारच्याने काय, हे एकमेकांना सांगितल्याशिवाय कोणाचंच भागत नसे.

मी तेव्हा शिकत होते. रोजचं तिकीट परवडण्यातलं नव्हतं. माझ्या हुकलेल्या रात्रींचं पान तुम्ही सकाळी ऑफिसला निघण्याआधी फोटो काढून मेलवर पाठवायचात. रात्री उशिरा पेन स्टेशनहून गाडी पकडून घरी यायचं, झोपण्याआधी लिहायचं, सकाळी पुन्हा कामावर जायचं. हे तुम्ही एका विद्यार्थिनीसाठी केलंत, जिची तुमची ओळख मंडळाच्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटताना झाली होती.

त्या पानांची घडण मला अजून तोंडपाठ आहे. आखीव लांब वही. डावीकडे गाणी, वाजली त्या क्रमाने. दोन गाण्यांमध्ये रेघ असेल तर बँड थांबला, बाण असेल तर न थांबता पुढच्यात शिरला. उजवीकडे मिनिटं, आणि पहिला सोलो कोणाचा त्याचं अक्षर: दोन गिटारवाल्यांपैकी वॉरन हेन्ससाठी 'वॉ', डेरेक ट्रक्ससाठी 'डे'. खाली दोन-चार ओळी. एका पानावर 'माउंटन जॅम'खाली तुम्ही लिहिलं आहे: "ड्रम्सनंतर सगळे परतले, पण घाई नाही. डे खालीच घुटमळला, वॉला पुढे जाऊ दिलं. बास ऐक. खरं काम तिथे चाललंय." मी ते रेकॉर्डिंग मिळवून ऐकलं. या बँडने श्रोत्यांना रेकॉर्डिंग करायला मोकळीक दिली होती, त्यामुळे तुमचं म्हणणं पडताळून बघता यायचं. ओटील बर्ब्रिजचा बास खरोखर सगळ्यांना वाट करून देत होता. तोवर मी फक्त गिटार ऐकत असे.

पुण्यात वाढलेला, सवाईच्या मांडवात रात्र रात्र जागलेला तुमचा कान त्या टिपणांत जागोजागी दिसतो. डेरेकबद्दल तुम्ही 'मींड' असा शब्द सहज लिहून जाता, आणि तो अगदी बरोबर आहे. काचेची नळी बोटात घालून, पिक (तारा छेडायची पट्टी) न वापरता तो दोन सुरांमधली जागा गातो, आणि अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदाचं ऋण त्याने स्वतः मान्य केलेलं आहे. पण म्हणून "हे आपलंच संगीत" असं तुम्ही एकदाही लिहिलं नाहीत. ब्लूजला ब्लूज राहू दिलंत. याचं मोल मला फार वाटतं, कारण आपल्याकडचे जाणते श्रोतेही परकं काही आवडलं की लगेच त्याला आपल्या घरात ओढतात.

2009 चा मुक्काम मोठा होता. बँडला 40 वर्षं झालेली, पंधरा रात्री, सगळ्या ड्युएनच्या स्मृतीला वाहिलेल्या. डागडुजी होऊन थिएटर नुकतंच उघडलं होतं. जवळजवळ रोज कोणीतरी पाहुणा. 19 आणि 20 मार्चला प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टन आला. 1970 मध्ये ड्युएनसोबत स्टुडिओत वाजवलेला माणूस त्याच्या बँडबरोबर उभा राहिला, तेव्हा सगळीकडे त्याचीच चर्चा होती. तुम्ही त्या रात्रींना मनापासून दाद दिलीत. पण सगळ्यात लांब टिपण तुम्ही लिहिलंत ते 26 मार्चचं, बँडच्या वाढदिवसाचं. त्या रात्री पाहुणा कोणी नव्हता. पहिले दोन अल्बम क्रमाने वाजले. यादी आधीच ठरलेली असताना वाजवणारे नवं कुठून आणतात, हे तुम्ही गाण्यागणिक दाखवलंत. पाहुण्यांच्या गर्दीत मूळ बँड झाकला जातो, असं मत तुम्ही तिथे मांडलंत. तेव्हा अनेकांना ते रुचलं नव्हतं. मला आजही ते पटतं.

आणि 2011. आदल्या जूनमध्ये बँडचा गायक ग्रेग याचं यकृत-प्रत्यारोपण झालं होतं. तो परत आला याच्या आनंदात बहुतेक लोक भरभरून लिहीत होते. तुम्हीही खूश होतात, पण आवाज कुठे पुरला आणि कुठे त्याने शब्द आखूड करून वेळ मारून नेली, ते तुम्ही सांगितलंत. त्यात कुठे कुत्सितपणा नव्हता. "नुसतं अप्रतिम लिहिलंस तर उद्या खरंच अप्रतिम झालं की काय लिहिशील?" असं मला गाडीत म्हणाला होतात. माझ्या लिहिण्यावर आजवर कोणी दिलेला हा सगळ्यात कामाचा सल्ला आहे. मी ऑफिसचे रिपोर्टसुद्धा तो लक्षात ठेवून लिहिते.

शेवटच्या रात्रीला मी नव्हते. 28 ऑक्टोबर 2014. मार्चमध्ये ग्रेगच्या आजारपणामुळे राहिलेले कार्यक्रम शरदात झाले आणि तिथेच बँडने थांबायचं ठरवलं. तुमच्या पानावर तीन सेट आहेत, बाणच बाण आहेत, आणि मध्येच समासात लिहिलंय: "12 वाजून गेले. 29 तारीख लागली. ड्युएनचा दिवस." सगळ्यात शेवटी 'ट्रबल नो मोर', 1969 मध्ये या मंडळींनी एकत्र बसून पहिल्यांदा वाजवलेलं गाणं. त्याच्यापुढे ना मिनिटं लिहिलीत ना सोलोचं अक्षर. काका, तुमच्या वह्यांतली ही एकमेव रिकामी जागा आहे. ती कशाने रिकामी राहिली हे मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

पुढे 2017 मध्ये जानेवारीत ड्रमवाला बुच ट्रक्स आणि मेमध्ये ग्रेग गेला. गेल्या वर्षी तुम्ही घर आवरायला काढलंत, तेव्हा वह्यांचा खोका माझ्या गाडीत आणून ठेवलात आणि "तुला लागतील" इतकंच म्हणालात. लागतातच. डेरेक आणि सुझन टेडेस्कीचा बँड बीकनला मुक्काम करतो, तेव्हा मी तुमच्याच पद्धतीने लिहिते: बाण, मिनिटं, अक्षरं. माझ्याबरोबर ऑफिसमधली दोन मुलं येतात, त्यांनाही पान पाठवते. त्यातल्या एकाने परवा बासबद्दल आपणहून चार ओळी लिहून पाठवल्या. त्या तुम्हाला दाखवायच्या आहेत.

तिकिटं निघाली की फोन करते. बाल्कनीचे जिने आता तुमच्या गुडघ्यांना नकोत, तेव्हा खालच्या मजल्यावरची कडेची खुर्ची बघते. वही मी आणेन, पेन तुमचं आणा.

तुमची,
पुऱ्या लाटणारी