चार क्रेडिटच्या मागे एक माणूस हवा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एमएस्सीला रसायनशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला, दुसऱ्या सत्रात, चार क्रेडिटचं (श्रेयांकांचं) ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे कंपनीत जाऊन प्रत्यक्ष काम शिकणं, आलं. निर्णय चांगलाच आहे. पण कंपनी शोधण्याचं काम मुलांच्याच गळ्यात पडलं आहे.

माझी एक विद्यार्थिनी कॉलेजचं पत्र घेऊन लोटे-परशुराम एमआयडीसीत चार दिवस फिरली. प्रत्येक गेटवर पत्र ठेवून घेतलं गेलं, 'साहेब फोन करतील' असं उत्तर मिळालं. एकही फोन आला नाही.

शेवटी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला असलेला आमचाच एक माजी विद्यार्थी रविवारी तिच्यासोबत बसला. वहीच्या पानावर त्याने तपासणी यंत्राच्या आलेखात येतात तसे दोन उंचवटे (peak) काढले, एक सरळ आणि एक शेपूट ओढत गेलेला. 'हा असा आला तर आधी काय तपासशील?' तिने पुस्तकातलं उत्तर दिलं. मग त्याने विचारलं, 'आणि आकडा लिहिताना चुकलीस तर?' ती म्हणाली, व्हाइटनर लावेन. तेव्हा त्याने दाखवलं: चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, तो वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. इतक्या दिवसांत आम्ही हे कुणीच तिला शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून तिच्या जर्नलमध्ये व्हाइटनरचा ठिपका नाही.

यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची, म्हणजे प्रत्यक्ष क्षेत्रातल्या अनुभवी माणसाला शिकवायला नेमण्याची सोय केली, त्याला किमान पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. तासिका तत्त्वावर वर्ग चालवणाऱ्या आमच्यासारख्या ठिकाणी असा माणूस यायचा कधी? आम्हाला तर पाच वर्षांपूर्वी याच बाकावर बसलेली मुलंसुद्धा पुरेशी आहेत.

साहेब, विभागीय सहसंचालक कार्यालयातून जिल्ह्यातल्या कंपन्यांना पत्र जाऊ द्या, म्हणजे ते गेटवर अडकणार नाही. मार्गदर्शनाला तयार असलेल्यांची यादी तिथेच ठेवा. त्यांना प्रवासखर्च आणि शासनाचं प्रमाणपत्र द्या. आणि हे नातं त्या एका सत्रापुरतं नको, दोन्ही वर्षं टिकू द्या.

माझ्या वर्गात अठरा मुलं आहेत. मार्गदर्शनाचा शब्द दिलेले माजी विद्यार्थी सात. उरलेल्या अकरा मुलांसाठी हे पत्र लिहिते आहे.

आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका