सूचना : दसऱ्याचा फोटोवॉक, कोल्हापूर

सभासद मित्रमैत्रिणींनो,

यंदाचा वॉक दसऱ्याच्या दिवशीच आहे. सकाळी ७ वाजता टाऊन हॉलच्या बागेच्या फाटकाशी जमायचं. तिथली जुनी झाडं, म्युझियमची दगडी इमारत, मग वाटेतल्या रंगवलेल्या भिंती. भिंतीचा फोटो टाकताना चित्रकाराची सही दिसत असेल तर ती कापू नका, नावही लिहा. दहापर्यंत घरी, सणाचं जेवण कुणी चुकवू नये!

दुपारी ४ वाजता दसरा चौकात, शाहू महाराजांच्या पुतळ्याजवळ. उशीर केलात तर पुढे फक्त डोकी दिसतील. पालख्या येतात, राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी येते, तोवर ऊन तिरकं आणि छान असतं. शमीपूजन मात्र सूर्यास्ताच्या सुमारास, त्यामुळे उजेड कमी, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते ठरवणारं सेटिंग) वाढवायची तयारी ठेवा. पूजा झाली की बंदुकीच्या फैरी आणि लगेच सोनं लुटायला झुंबड. त्या क्षणी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवा, लेन्स बदलत बसू नका.

- बॅरिकेड ओलांडायचं नाही, पोलीस सांगतील तिथं थांबायचं.
- ड्रोन आणि ट्रायपॉड घरी. पालखीवर फ्लॅश नको.
- लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारूनच.
- फोटोसाठी आपट्याची फांदी मोडू नका, पानं चौकात भरपूर असतात.

येणाऱ्यांनी आदल्या रात्री ९ पर्यंत ग्रुपवर नाव टाका. नव्या सभासदांना जुन्यांसोबत जोडून देऊ. प्रत्येकी जास्तीत जास्त ५ फोटो, पुढच्या रविवारपर्यंत.