‘भावनाशून्य’ शिपाई आणि छापील कार्ड

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला युद्धकाळातल्या पत्रांवरचा लेख वाचला. भाषा ओघवती आहे, मांडणीही देखणी. पण त्यात छापलेल्या, एका शिपायाने आघाडीवरून आईला पाठवलेल्या कार्डावर सहीपलीकडे एक अक्षर नाही म्हणून लेखकमहाशयांनी त्या शिपायाला थेट ‘भावनाशून्य’ ठरवून टाकले, हे काही पचले नाही. अहो, एक अक्षर जास्त लिहिले असते तर ते कार्ड घरी पोचलेच नसते. काही वाढवल्यास कार्ड नष्ट केले जाईल, अशी तंबी त्याच कार्डाच्या माथ्यावर छापलेली आहे. तुमच्या छायाचित्रात ती बिनभिंगाची वाचता येते.

ते पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश लष्कराचे फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड, फॉर्म ए २०४२. वाक्ये सगळी छापील: मी खुशाल आहे, मला इस्पितळात दाखल केले आहे (आजारी / जखमी), मला बेसकडे (पिछाडीच्या तळाकडे) पाठवत आहेत, तुमचे पत्र / तार / पार्सल मिळाले. नको ती खोडायची, तारीख घालायची, सही ठोकायची, झाले. तुम्ही छापलेल्या कार्डावर पेन्सिलीने ‘आजारी’ खोडले आहे, ‘जखमी’ ठेवले आहे. आणि अगदी तळाचे ‘बऱ्याच दिवसांत तुमचे पत्र नाही’ हे वाक्य त्याने मुद्दाम राखले आहे. जखमी मुलगा आईवर रुसला आहे, आणि रुसायला सरकारने दिलेले शब्द तेवढेच. आता बोला.

अशी कार्डे निघण्याचे कारण साधे. शिपायाचे नेहमीचे पत्र त्याच्याच तुकडीचा अधिकारी वाचून मग पुढे सोडत असे. धुमश्चक्री चालू असताना त्याला तेवढी सवड कुठली? कार्डात वाचण्यासारखे काही नसल्याने ते झटकन निघे. मनातले लिहायला हिरवा लिफाफा होता. आत फक्त खासगी, घरगुती मजकूर आहे, असे शिपायाने त्यावर सही करून लिहून द्यायचे. तो तुकडीत उघडत नसत, तपासलाच तर बेसवर. हे लिफाफे मिळत मोजकेच. लेखात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

‘तिकीट कुणीतरी काढून घेतले’ ही हळहळही वाया गेली. तिकीट नव्हतेच. आघाडीवरून शिपायांचे टपाल फुकट जाई.

‘घरोघरी तारवाल्याची धास्ती’ हेही अर्धेच खरे. ब्रिटनमध्ये मृत्यूची तार जायची ती अधिकाऱ्याच्या घरी. साध्या शिपायाच्या घरी टपालाने छापील फॉर्म यायचा, बी १०४-८२. नंबर, हुद्दा, नाव, तारीख रिकाम्या जागांत हाताने भरलेली. तिथे धास्ती पोस्टमनची.

सगळ्यात कडी म्हणजे फ्रान्समधल्या हिंदी शिपायांच्या पत्रांतले ‘काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात’ हे वाक्य. लेखक म्हणतात, ही घरच्या जेवणाची आठवण! काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी संपत आली, आता लाल वापरतात, याचा अर्थ आपली माणसे फार मेली. शिपायांची पत्रे तपासणाऱ्या, फ्रान्समधल्या बुलोनच्या सेन्सॉर कचेरीला हे तेव्हाच उमगले होते, आपल्या पुरवणीला शंभर वर्षांनीही नाही. शिवाय बरीच पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली आणि गावी तिसऱ्याने वाचून दाखवलेली. बायकोला लिहायचे ते चार जणांसमक्ष कोण लिहील?

कार्डाची पत्त्याची बाजूही छापलीत, पण कडा कापून. नेमका फील्ड पोस्ट ऑफिसचा (लष्कराच्या आघाडीवरच्या टपाल कचेरीचा) शिक्का आणि सेन्सॉरची मोहर गेली. गुप्ततेसाठी शिक्क्यात गावाचे नाव नसे, नंबर असे, आणि कार्ड कुठून निघाले याचा माग त्या नंबरावरूनच लागतो. सेन्सॉरच्या मोहरेचा आकारही अधूनमधून बदलत गेला: गोल, चौकोनी, त्रिकोणी, षट्कोनी. तारीख पुसट असली तर काळ ठरवायला तो उपयोगी पडतो. आपल्या मांडणीकाराला मात्र त्या जागी फुलांची वेलबुट्टी हवी होती.

कृपया ती बाजू पुन्हा, अख्खी छापावी. आणि पुरवणी हातात आहेच तर, शब्दकोड्यात उभा शब्द १४ ची सूचनाच नाही. तीही द्यावी.

आपला,
एक जुना टपालसंग्राहक