ताई, टेप शेवटपर्यंत ऐकायला लावलीत त्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

असं चारचौघांत आभार मानलेलं तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहितेय. नाव देत नाही, ही तुमची अट पाळली आहे.

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासवर्गात दलित पँथर हा विषय घ्यायचं ठरलं होतं. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या संघटनेची माणसं पोरांना त्यांच्याच आवाजात ऐकवावीत, एवढीच माझी इच्छा. कुणाच्या तरी ओळखीनं तुमचा नंबर मिळाला. तुम्ही तिकडे कॅलिफोर्नियात, ग्रंथपालाची नोकरी करून निवृत्त झालेल्या. तुमच्या सकाळी आणि माझ्या रात्री असे आपले फोन सुरू झाले.

पहिल्याच फोनवर तुम्ही विचारलंत, "कोणत्या सालातला माणूस हवाय?" तेव्हा प्रश्न चमत्कारिक वाटला होता. या चळवळीतल्या किती जणांनी नावं बदलली ते तुम्ही सांगितलंत तेव्हा उलगडा झाला. असाटा शकूर पोलिसांच्या कागदांत जोॲन चेसिमार्ड असते. स्टोकली कारमायकल पुढे क्वामे तुरे होतात, एच. रॅप ब्राऊन जमील अल-अमीन होतात. जेरोनिमो जि जागा म्हणजे आधीचे एल्मर प्रॅट. त्यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात फिर्यादी पक्षाचा मुख्य साक्षीदार खबऱ्या होता ही गोष्ट लपवली गेली, आणि हा माणूस २७ वर्षं आत राहून १९९७ साली सुटला. ज्याच्या टेपच्या डब्यावर ज्या साली जे नाव लिहिलं गेलं, ते तिथेच राहिलं. म्हणून आधी साल, मग शहर, मग रेडिओ स्टेशन, आणि नाव सगळ्यात शेवटी. हा क्रम मी आता वर्गात फळ्यावर लिहिते.

स्टेशनचं महत्त्वही तुमच्यामुळेच कळलं. बर्कलीचं केपीएफए हे रेडिओ स्टेशन १९४९ पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं. जाहिरातदाराची भीती नाही, त्यामुळे इतर स्टेशनं ज्यांच्यापुढे माईक धरत नव्हती ती माणसं तिथे बोलली. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे रॉबर्ट विल्यम्स अमेरिका सोडून क्यूबात गेले आणि १९६२ ते १९६५ हवानाहून 'रेडिओ फ्री डिक्सी' हा कार्यक्रम चालवत राहिले. हे सगळं मला नवीन होतं. सॅन फ्रान्सिस्कोत १९९९ साली उभ्या राहिलेल्या फ्रीडम आर्काइव्ह्जकडे बारा हजार तासांहून जास्त ध्वनी आणि चित्रफिती आहेत, आणि ते उभे करणारे क्लॉड मार्क्स स्वतः तुरुंगात राहून आलेले, हेही तुम्हीच सांगितलंत. राजकीय कैद्यांचे आवाज सरकारी दप्तरापेक्षा अशा ठिकाणी जास्त का सापडतात, याचं उत्तर त्यातच आलं.

मला हवा होता जॉर्ज जॅक्सन, तुरुंगातूनच ब्लॅक पँथरशी जोडला गेलेला कैदी. सत्तर डॉलरच्या दरोड्यासाठी 'एक वर्ष ते जन्मठेप' अशी विचित्र शिक्षा झालेला, आणि २१ ऑगस्ट १९७१ रोजी सॅन क्वेंटिन तुरुंगात पहारेकऱ्यांच्या गोळीनं मेलेला. तुम्ही म्हणालात, त्याच्यावर थांबू नकोस, पुढच्या तीन आठवड्यांतलं ऐक. दुसऱ्याच दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात कैदी त्याच्या शोकात काळ्या फिती लावून नाश्त्याला गेले, बसले आणि कुणी घासही घेतला नाही. ९ सप्टेंबरला तिथे कैद्यांनी तुरुंगातले कर्मचारी ओलीस धरून उठाव केला. एल. डी. बार्कली हा एकवीस वर्षांचा पोरगा सगळ्यांच्या वतीनं निवेदन वाचतो: "आम्ही माणसं आहोत. आम्ही जनावरं नाही, आणि जनावरांसारखा मार खाण्याचा, हाकलले जाण्याचा आमचा इरादा नाही." छापलेलं वाचताना ही घोषणा वाटते. ऐकताना तसं वाटत नाही. पोरगा हातातल्या कागदावरून वाचतोय हे कळतं, भोवतीच्या माणसांचा गलका ऐकू येतो. तो आत होता पॅरोलच्या अटी मोडल्या म्हणून. १३ तारखेला पोलिसांनी तुरुंग परत घेताना एकोणचाळीस माणसं गोळीबारात मेली, दहा ओलिसांसकट. त्यात हाही गेला. ओलिसांचे गळे कैद्यांनी चिरले असं अधिकाऱ्यांनी आधी सांगितलं. शवविच्छेदनात निघाल्या गोळ्या, आणि बंदुका कैद्यांकडे नव्हत्याच.

मी नेमका तो एक मिनिटाचा तुकडा कापून वर्गात लावणार होते. तुम्ही अडवलंत. "वाट्टेल ते कर, पण कापू नकोस," म्हणालात, आणि भाषण संपल्यावरही टेप चालू ठेवायला लावलीत. पुढे कुणीतरी औषधाविषयी बोलतं, कुणीतरी डॉक्टरविषयी, कुणी जेवणाविषयी. नावं नाहीत, सूचीत नोंद नाही. अभ्यासवर्गात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती याच आवाजांची. एका मुलीनं विचारलं, "यातले किती जण वाचले?" मला उत्तर देता आलं नाही, आणि तिनं ते स्वतः शोधायला घेतलंय. मोठ्या नेत्याचं भाषण ऐकून असं झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोनवर घालवलेला वेळ, टेपच्या वेगाचा तो धडा (अर्ध्या वेगानं लावली की बाई बोलत असली तरी आजोबा बोलल्यासारखं वाटतं!), वर्गातल्या पोरांसाठी इंग्रजी बोलणं ऐकून रात्रीत लिहून पाठवलेली पानं, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. पैशांचा विषय काढला तर तुम्ही फोन ठेवाल, म्हणून काढत नाही.

आता पुढचं काम. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डु बॉइस यांना लिहिलेलं पत्र आपल्याला वाचायला मिळतं, कारण कागद जपला गेला. दलित पँथरच्या सभांचे आवाज कुणी जपले असतील? वरळी, नायगावातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी आम्ही कॅसेट विचारत फिरायला लागलोय. एका घरी पिशवीभर मिळाल्या. काहींवर पांढरी बुरशी आहे, आणि एकीवर बॉलपेननं फक्त "सभा, भाग २" एवढंच. बुरशीची कॅसेट मशीनमध्ये घालू का नको, तेवढं आधी कळवा. भाग १ आम्ही शोधतोय.

तुमची,
वाचनालयातली फोनवाली